मुलींचा स्विंग बसत नाहीये, मदत हवी आहे

ऐरोलीकरीण (रविवार, रात्री १०.४०)
डीएसओच्या (जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या) सॉफ्टबॉल मॅचेसना तीन आठवडे राहिलेत आणि माझ्या सहा मुलींचा स्विंग उशिरा येतोय. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये टप्पकन बसतो, मग यांचा स्लगर, म्हणजे बॅट, फिरतो. टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) ठेवलेला चेंडू सणसणीत मारतात, पिच म्हणजे समोरून चेंडू टाकला की हवेत वारा. 'लवकर फिरव गं' ओरडून घसा बसला. यूट्यूबवरचे सगळे ड्रिल करून झाले. कृपया 'संयम ठेवा' हे सांगू नका, नेमकं काय करू ते सांगा.

मीटरगेज (रात्री १०.५२)
शिवण पहिल्या स्लिपकडे ठेवायची, मनगट मागून सरळ, आणि एका बाजूची चकाकी सांभाळायची. मुली चेंडू दोन्ही बाजूंनी पुसतात का बघा, आमच्याकडे हीच चूक व्हायची. ढगाळ हवेत चेंडू हलायलाच हवा.

ऐरोलीकरीण (रात्री १०.५५)
धागा वाचलात का? सॉफ्टबॉल. बॅटिंग.

मीटरगेज (रात्री १०.५८)
मग शीर्षकात लिहायचं ना ताई.

कॅचरची आई (रात्री ११.१०)
मुली किती वर्षांच्या? स्लगर किती इंची, वजन किती? पिच कोण टाकतं आणि किती फुटांवरून? एवढं सांगितल्याशिवाय कुणी काय सांगणार?

ऐरोलीकरीण (रात्री ११.१४)
नेहमीच्याच, चौदाखालच्या. पिच मीच टाकते, ४० फुटांवरून. स्लगर शाळेचे आहेत, चांगले आहेत. प्रश्न स्विंगचा आहे.

अण्णा सर (सोमवार, सकाळी ६.०५)
३१ वर्षं पीटी शिकवलं, त्यातली २० सॉफ्टबॉल. उपाय एकच. मागच्या पायाखाली झुरळ आहे असं समजायचं आणि चेंडू आला की ते चिरडायचं. टाच उचलून चवडा गर्रकन फिरवायचा. रोज २०० कोरे स्विंग, चेंडू नको, टी नको. आमच्या मुली त्यावर राज्यापर्यंत गेल्या. आजकालच्या कोचेसना मोबाइल लागतो.

स्लोमोशन (सकाळी ९.३०)
अण्णा सर, आदर राखून सांगतो, या झुरळानेच घात केलाय. पाय मुद्दाम फिरवायला सांगितला की मुलगी मागच्या पायावरच बसून फिरते, वजन पुढे जातच नाही. चांगल्या बॅटरचा व्हिडिओ थांबवून बघा. फटका बसताना मागचा पाय हलका झालेला असतो, कधी बोटं जमिनीपासून सुटलेलीही दिसतात. कंबर फिरली की पाय आपोआप फिरतो. तो परिणाम आहे, तुम्ही कारण म्हणून शिकवताय.

अण्णा सर (सकाळी ९.४१)
व्हिडिओ थांबवून मेडल मिळत नाही.

घोडबंदरी (सकाळी १०.०२)
दोघंही पायांवर भांडताय, दोष हातांत आहे. वरच्या हाताने बॅट न्यायची, खालचा हात सैल, नुसता आधाराला. हे एक सांगून बघा, चार दिवसांत फरक पडेल. मी स्वतः कॉलेजकडून खेळलोय.

ऐरोलीकरीण (दुपारी १.२०)
हे आधीपासूनच सांगते मी. उजवा हात वरचा, तर डावा सैल सोडायला सांगते. उलट स्लगरचं टोक जास्तच लोंबायला लागलं.

घोडबंदरी (दुपारी १.२६)
अहो उजवा कसा वरचा? उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर असतो.

ऐरोलीकरीण (दुपारी १.२८)
सॉफ्टबॉल कधी बघितलाय का?

कॅचरची आई (दुपारी २.१५)
थांबा दोघंही. घोडबंदरी, तुम्ही कॉलेजकडून क्रिकेट खेळलात, बरोबर? क्रिकेटची बॅट खाली लोंबते, म्हणून डावा हात वर. सॉफ्टबॉलमध्ये स्लगर खांद्याजवळ उभा धरतात, म्हणून तोच डावा हात खाली येतो, मुठीच्या टोकाच्या गोट्यापाशी. पकड तीच, फक्त नावं उलटी. खालचा हात सैल सोड म्हटलं की क्रिकेटवाली मुलगी उजवा सोडते, सॉफ्टबॉलवाली डावा.

आणि सॉफ्टबॉलमध्ये कुठलाच हात नुसता आधाराला नसतो. डावा गोटा चेंडूच्या दिशेने ओढतो, उजवा ढकलत नेतो. फटका बसताना उजवा तळवा आकाशाकडे आणि डावा जमिनीकडे हवा. ताई, एक विचारते, या मुली क्रिकेट खेळतात का?

ऐरोलीकरीण (दुपारी २.४०)
हो, सहापैकी पाच जणी सोसायटीत बॉक्स क्रिकेट खेळतात. त्याचा काय संबंध?

स्लोमोशन (दुपारी ३.०५)
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा पडेपर्यंत वाट बघायची सवय लागते. इथे टप्पाच नाही. शिवाय हिशेब करा. ८० किमी वेगाचा पिच ४० फूट साधारण ०.५५ सेकंदात पार करतो. क्रिकेटमध्ये क्रीज ते क्रीज ५८ फूट, म्हणजे तेवढाच वेळ मिळायला चेंडू जवळपास ११५ ने यायला हवा. सोसायटीतला कुठला काका त्या वेगाने टाकतो?

तुमच्या मुली स्विंग हळू करत नसाव्यात, तयारच उशिरा होतात. पिचरचा हात वरून खाली यायला लागला की वजन मागे घ्यायचं, आणि चेंडू सुटतो न सुटतो तोच पुढचा पाय टेकलेला हवा. मग चेंडू कसाही येऊ दे, फक्त फिरायचं उरतं. 'लवकर फिरव' ओरडलात की त्या हात घाईने ओढतात आणि पाय तिथेच राहतो. त्याऐवजी 'पाय' एवढंच ओरडा, तेही तुमचा हात वर असताना. घसाही वाचेल. पिच तुम्हीच टाकताय म्हणजे स्वतःवरच ओरडायचंय.

अण्णा सर (दुपारी ३.३०)
पायावरच आलात शेवटी.

वाशीचा बाबा (दुपारी ४.००)
माझी मुलगी सातवीत आहे. सॉफ्टबॉलचे दहावीला वाढीव गुण मिळतात का? जिल्ह्याला पुरतं की राज्यच लागतं? कुठे विचारायचं?

अण्णा सर (दुपारी ४.१०)
शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा. आणि गुणांसाठी खेळवणार असाल तर नका खेळवू.

मीटरगेज (दुपारी ४.२५)
तुम्हाला प्रॅक्टिसला ग्राउंड तरी मिळतं का? ठाण्यात गावदेवी मैदानाच्या खाली पार्किंग झालं, आमच्या कोपऱ्यावरच्या मैदानात लग्नाचे मांडव असतात. उरलेल्यात पावसाळ्यात भात लावावा.

ऐरोलीकरीण (दुपारी ४.३१)
ग्राउंड आहे, गुडघाभर चिखल आहे. कृपया विषयावर या.

कॅचरची आई (रात्री ९.१५)
मी अजून स्लगरवरच अडलेय. 'शाळेचे आहेत, चांगले आहेत' यातून काही कळत नाही. उद्या एक करा. सगळ्यात लहान चणीच्या मुलीला सांगा, एका हातात गोट्यापाशी धरून स्लगर खांद्याच्या उंचीवर आडवा धर. वीस सेकंदांत टोक खाली आलं किंवा हात थरथरला, तर तो तिच्यासाठी जड आहे. टीवर जड स्लगर चालून जातो, कारण चेंडू वाट बघतो. पिचवर मुलीचा उजवा कोपर हाताच्या पुढे घुसतो आणि टोक मागे फरफटत येतं. माझ्या लेकीचं वर्षभर हेच चाललं होतं, सगळे तिच्या पायाकडे बघत होते.

घोडबंदरी (रात्री ९.४०)
जड बॅटनेच ताकद येते. मी लहानपणी मोठ्या भावाची बॅट वापरायचो.

कॅचरची आई (रात्री ९.४४)
आणि आता फोरमवर असता.

ऐरोलीकरीण (मंगळवार, रात्री ८.५०)
करून बघितलं. सहापैकी पाच जणींचे हात दहा सेकंदांत खाली. स्लगर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवला, ७८० ग्रॅम. लांबी ३४ इंच. मोठ्या मुलींच्या टीमचे उरलेले आहेत. मी स्वतः ३४ नेच खेळायचे म्हणून लक्षात आलं नाही. पाचपैकी तीन मुली बारा वर्षांच्या आहेत, हे आधी सांगायला हवं होतं का? मला वाटलं चौदाखाली म्हटलं की कळेल.

कॅचरची आई (रात्री ९.०२)
३४ म्हणजे नियमातली कमाल लांबी! बारा वर्षांच्या मुलीला २९-३० इंची बघा. वजनासाठी इंचांच्या आकड्यातून १० वजा करा, उत्तर औंसात येईल. ३० इंचाला २० औंस, म्हणजे ५७० ग्रॅमच्या आतबाहेर. अंगाने भरलेल्या मुलीला थोडा जड चालेल. नवे मिळेपर्यंत मूठ दोन इंच वर धरून मारू द्या, लाज वाटायचं कारण नाही.

स्लोमोशन (रात्री ९.२०)
नवा स्लगर आला तरी कोपराची सवय लगेच जाणार नाही. जाळीसमोर एक स्लगर अंतर ठेवून उभं करा, गोटा पोटाला आणि टोक जाळीला टेकेल इतकं. आता जाळीला न लागता स्विंग करायचा. हात लांब फेकले की टोक जाळीत अडकतं, मुलीला स्वतःलाच कळतं. रोज पंधरा पुरेत, २०० नकोत. आणि टी बंद करून १५-२० फुटांवरून समोरून हळू टॉस द्या, पुढे आडोसा ठेवून.

ऐरोलीकरीण (रात्री ९.२६)
जाळी कुठून आणू? शाळा एक टी घ्यायला दोन वर्षं लावते.

मीटरगेज (रात्री ९.३३)
दिवा कोळीवाड्यात किंवा बेलापूरच्या दिवाळे गावात विचारा, जुनं मासेमारीचं जाळं स्वस्तात देतात. आम्ही टेरेसवर तेच बांधलंय. आधी धुऊन घ्या मात्र.

अण्णा सर (बुधवार, सकाळी ६.१०)
जाळं बरं. माझ्याकडे २८ इंची दोन स्लगर माळ्यावर पडून आहेत, ॲल्युमिनियमचे. एकाची ग्रिप सुटलीय. शनिवारी ऐरोली स्टेशनला आणून देतो. झुरळाचं मात्र एकदा बघाच.

ऐरोलीकरीण (सकाळी ७.४५)
सर, साडेसातला पूर्वेला उभी राहते. ग्रिप मी सायकलवाल्याकडून टेप गुंडाळून घेते. झुरळाचं मॅचेसनंतर.