खडकाला भेगा जास्त असल्या की तेलविहीर जास्त देते का?

तेरणाकाठ (औसा)
आमच्याकडे काळ्या पाषाणात बोअरला पाणी लागते ते भेगेतच. बांधाच्या अलीकडे घेतलेल्या बोअरला दोन इंच पाणी लागते आणि पलीकडच्या बोअरमधून चारशे फुटांपर्यंत नुसती फक्की उडते, हे लातूर-धाराशिवकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तेलालाही भेगा अशीच वाट देतात का, आणि देत असतील तर तेलकंपन्या खडक मुद्दाम का फोडतात? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

रिगवरचा (छत्रपती संभाजीनगर)
भाऊ, भेगेत मावणारे तेल थोडेच असते. खरा साठा बहुधा वालुकाश्माच्या किंवा चुनखडीच्या बारीक छिद्रांत असतो आणि तो विहिरीपर्यंत आणून पोचवण्याचे काम भेगा करतात. भेगेची रुंदी दुप्पट झाली तर, बाकी सारे तेच असताना, तिच्यातून आठपट द्रव वाहतो. म्हणून केसाएवढी भेगसुद्धा विहिरीचे नशीब पालटू शकते.

खोदताना मात्र याच भेगा जिवावर उठतात. ड्रिलिंगचा मड, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवत ठेवलेला चिखलासारखा दाट द्रव, भेगेत शिरू लागला की टाकीतली पातळी डोळ्यांदेखत उतरते, विहिरीतला मडचा स्तंभ खाली जातो, दाब कमी पडतो आणि एखाद्या थरातला वायू उसळून वर येण्याचा धोका निर्माण होतो. अशा वेळी मडमध्ये अभ्रकाचे कण, तंतू किंवा कवचांचा भरडा मिसळून भेग बुजवतात. पण जिथून तेल काढायचे त्याच थरात हे केले तर पुढे उत्पादनाची वाटही बंद होते. म्हणून तिथे कॅल्शियम कार्बोनेटची पूड वापरणे शहाणपणाचे, कारण ती नंतर आम्लाने विरघळवता येते. विहीर चांगली की वाईट, हे माझ्या मते पुष्कळदा या घाईच्या तासांतच ठरते.

भूशास्त्र शिक्षक (नांदेड)
मुद्दाम फोडण्याबद्दल लिहितो. अमेरिकेत कॅन्ससमधील ह्युगोटन क्षेत्रात 1947 मध्ये हा प्रयोग झाला आणि 1949 पासून त्याचा व्यावसायिक वापर सुरू झाला. शेलसारख्या (चिखल घट्ट होऊन बनलेल्या) खडकात छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की साठा असूनही तेल हलत नाही. तिथे मोठ्या दाबाने पाणी आणि वाळू सोडतात, पाण्याने भेग उघडते आणि दाब काढल्यावर वाळूचे कण ती मिटू देत नाहीत. जमिनीतील दाब ज्या दिशेने सर्वांत कमी असतो, त्या दिशेला काटकोनात भेग उघडते; म्हणून आडवी विहीर कोणत्या दिशेने न्यायची हे आधी ठरवावे लागते. भेग खालच्या पाण्याच्या थरापर्यंत पोचली तर मात्र तेलाऐवजी पाणीच वर येऊ लागते.

आपल्याच काळ्या पाषाणाचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. गुजरातमध्ये बडोद्याजवळच्या पादरा क्षेत्रात दख्खनच्या बेसाल्टमधील भेगांतून तेल मिळते, कारण तिथे त्याला लागून तेल तयार करणारे गाळाचे खडक आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या खोल छिद्रात सुमारे 338 मीटर बेसाल्ट, खाली गाळाचा जेमतेम थर आणि मग जुना कठीण पाया लागला. भेगा दोन्हीकडे आहेत. तेल देणारा गाळ किल्लारीत नाही.

तेरणाकाठ (औसा)
सर, आभारी आहे. मग कोरड्या बोअरला हायड्रोफ्रॅक्चरिंग करून घ्यावे का?

रिगवरचा (छत्रपती संभाजीनगर)
बोअरमध्ये पॅकर (बोअर घट्ट बंद करणारे फुगणारे बूच) बसवून दाबाने पाणी सोडतात, बहुधा वाळू न घालता. त्याने गाळाने बुजलेल्या जुन्या भेगा मोकळ्या होतात आणि थोड्या लांबतात. खोदताना ओल दिसली असेल किंवा पूर्वी पाणी येऊन आटले असेल आणि शेजारच्या विहिरींना अजून पाणी असेल, तर करून पाहायला हरकत नाही. अखंड पाषाणात तळापर्यंत कोरडीच फक्की निघाली असेल, तर त्यावर पैसे घालू नका. आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या.