गेट मीटिंगमधून पालिकेत

"युनियनचा पुढारी नगरसेवक झाला की कामगारांना विसरतो" असं एक मत ऐकलं, ते अर्धंच पटलं. नवी मुंबईत युनियन आणि पालिका हे दोन रस्ते वेगळे नव्हतेच. गणेश नाईक ठाणे-बेलापूर या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या युनियनमधून वर आले, १९९० ला आमदार झाले. महापालिका १ जानेवारी १९९२ ची, पहिली निवडणूक १९९५ ला, आणि पहिले महापौर त्यांचेच चिरंजीव संजीव नाईक. म्हणजे युनियन आधी, पालिका नंतर.

आमचे वडील याच पट्ट्यात रबाळ्याला कामाला होते. गेट मीटिंग, म्हणजे कारखान्याच्या गेटवरची कामगारांची सभा, सुटली की पुढाऱ्याभोवती घोळका व्हायचा. त्यात बोनसचं विचारणारे थोडेच. नळाला पाणी नाही, पोराला कुठेतरी चिकटवा, हेच जास्त. तो खिशातली छोटी डायरी काढून सगळं लिहून घ्यायचा. (त्यातलं किती झालं ते सोडा.) वॉर्डाची बांधणी तिथेच चालू होती.

माथाडींचं, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांचं, गणित मात्र निराळं. १९६९ च्या कायद्याने त्यांना बोर्ड (कामगारांची नोंदणी आणि मजुरी बघणारं मंडळ) मिळालं, पुढे वाशीचं घाऊक मार्केट आलं. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील काय, त्यांचे चिरंजीव नरेंद्र पाटील काय, दोघंही विधान परिषदेवर गेले. गटार-पाण्याच्या भानगडीत पडायची त्यांना गरजच नव्हती.