मदत हवी आहे: कच्छमध्ये थंडीनं गाठलंय, आईला घेऊन पुढं जावं का?

कच्छ म्हणजे वाळवंट, तिथं कसली थंडी, असं म्हणत सोलापूरहून निघालो. चौघांत मिळून दोन स्वेटर आणि आईची एक शाल! काल रात्री कच्छच्या पांढऱ्या रणाकाठी, धोर्डो गावाला तंबूत राहिलो आणि खरं सांगते, दातखीळ बसायची वेळ आली. दुपारी स्वेटर काढावा लागतो, पण सूर्य बुडाला की रणावरचा वारा थेट हाडांत शिरतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, आडोसा कुठंच नाही, त्यामुळं दिवसाची ऊब टिकतच नाही.

आता भुजला आहोत. परवा नारायण सरोवर आणि कोटेश्वरला जायचंय, वाटेत नलिया. गुजरातेतल्या थंडीच्या बातमीत हेच नाव का असतं, ते आता कळतंय. आई ७१ वर्षांची, दम्याची. तिकडं मुक्काम करावा, की ऊन चढल्यावर निघून त्याच रात्री भुजला परतावं? जाऊन-येऊन तीनेकशे किलोमीटर तिला झेपतील का, हीच धास्ती आहे.

दुसरं म्हणजे धोळावीरा, सिंधू संस्कृतीतल्या शहराचे अवशेष. ते मी सोडणार नाही, पाच हजार वर्षांपूर्वीचे हौद बघायचेतच. तिथं मातीच्या भुंग्यात, म्हणजे कच्छी गोल झोपडीत, राहिलेलं कुणी आहे का? जाड भिंतींमुळं रात्री खरंच ऊब राहते का?

आणि भुजोडीत विणकरांकडून शाली घ्यायच्यात. अस्सल लोकर कशी ओळखायची? आईला लोकर टोचते, म्हणून मऊ हवी.

उद्या सकाळपर्यंत सांगितलंत तर बरं, गाडीवाल्याला कळवायचंय.