मागच्या सात दिवसांत तेल किती लागलं?

खर्चवही
केंद्र सरकारच्या घरखर्च पाहणीत २०११-१२ साली ग्रामीण भागातला दरडोई मासिक खर्च १,४३० रुपये होता, २०२२-२३ मध्ये ३,७७३. शहरात २,६३० वरून ६,४५९. हे आकडे शेजारी ठेवून, फार तर महागाई वजा करून, 'गरिबी संपली' म्हणणारे बरेच भेटतात. पण मधल्या काळात मोजायची पद्धतच बदलली. पूर्वी सगळी यादी एका बैठकीत उरकायची. आता खाद्यपदार्थ, इतर नेहमीचा खर्च आणि टिकाऊ वस्तू यांसाठी तीन वेगळ्या फेऱ्या. वस्तूही ३४७ च्या ४०५ झाल्या. खोदून विचारलं की माणसाला जास्त आठवतं. मग यातली वाढ घराची किती आणि प्रश्नावलीची किती? माझ्या मते या दोन सालांच्या आकड्यांची वजाबाकी करूच नये. २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने दर्जाचं कारण देऊन जाहीरच केले नाहीत, नाहीतर मधला एक टप्पा तरी हाताशी असता.

मधली आळी
साफ असहमत. जुनी पद्धत बरोबर होती हे कुणी ठरवलं? बाई गॅसवर दूध ठेवून दारात आलेली असते. शंभराव्या वस्तूनंतर ती 'नाही, नाही' म्हणत सुटते, कारण 'हो' म्हटलं की 'किती? कितीला?' मागे लागतं. तेव्हा खर्च कमी नोंदला जायचा, आता नीट नोंदला जातोय.

खर्चवही
'नीट' की 'जास्त'? १९५० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या लोकांनी पश्चिम बंगालात घरोघरी धान्य प्रत्यक्ष तोलून बघितलं होतं. 'मागच्या आठवड्यात किती लागलं' असं विचारून आलेला आकडा फुगलेला निघाला, 'मागच्या महिन्यात' असं विचारून आलेला तोललेल्या वजनाच्या जवळ. आकडा मोठा आला म्हणजे खरा, असं नसतं.

मधली आळी
ते तांदळाचं झालं हो! धान्य आजही ३० दिवसांचंच विचारतात. सात दिवस आहेत ते तेल, भाजी, फळं, मासे, वडापाव वगैरेंसाठी. महिन्यापूर्वीची मेथीची जुडी कितीला घेतली, सांगा बरं.

जुना पाहणीवाला
या कामात बरीच वर्षं काढली म्हणून लिहितो. तुमचं भांडण आठवणीवरून चाललंय, खरी गळती दारातच होते. मोठ्या सोसायटीत वॉचमनच परत पाठवतो, आणि सगळ्यात जास्त खर्च करणारी घरं तिथेच. दुसरं म्हणजे उत्तर देणार एकच जण. मुलगा रोज बाहेर काय खातो हे आईला माहीत नसतं, नवऱ्याच्या तंबाखूचं तर विचारूच नका. आणि एक नियम: घरकामाच्या मावशींना मालकिणीकडे मिळणारा चहा-पोळी मालकिणीच्या घरात धरायची, मावशींच्या नाही. दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून. हिशेब बरोबर, पण मावशींचं घर आहे त्याहून उपाशी दिसतं.

तिसरा मजला
यूपीआयच्या जमान्यात आठवणीवर कशाला विसंबायचं? सगळं फोनमध्ये आहे.

जुना पाहणीवाला
फोनमध्ये 'किराणा, ८४०' एवढंच. त्यात तूरडाळ किती? भावाला पाठवलेले पाच हजार खर्च की उसने? आणि घरच्या शेतातले शेंगदाणे कुठल्या ॲपवर दिसतात?

मधली आळी
+१. महागाई निर्देशांकात कुठल्या वस्तूला किती वजन द्यायचं हे याच पाहणीवरून ठरतं. नुसत्या रकमेने भागत नाही.

खर्चवही
वॉचमनचा मुद्दा मान्य, तो जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींना लागू आहे. माझी मागणी एवढीच: नवी पद्धत ठेवा, पण थोड्या घरांत जुनी प्रश्नावलीही चालवा. फरक कळेल.

मधली आळी
केलं होतं की! १९९९-२००० मध्ये सात आणि तीस दिवस दोन्ही एकाच फॉर्मवर विचारले. लोकांनी एका उत्तरावरून दुसरं जुळवलं आणि पुढे कित्येक वर्षं अर्थतज्ज्ञ गरिबीच्या आकड्यावरून भांडत बसले.

खर्चवही
म्हणूनच एका घरात दोन्ही नकोत. त्याच गावात, वेगळ्या घरांत. सात आणि तीस दिवसांची तुलना १९९९ च्या आधीच्या छोट्या पाहण्यांत अशीच केली होती, आणि नुसत्या मुदतीच्या बदलाने गरिबी जवळपास निम्मी दिसली होती.