मोठ्या बँकेत इंटर्नशिप: पणजीची मुख्य शाखा घ्यावी की गावाजवळची?

प्रश्न – वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, साखळी

सविनय नमस्कार. मी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि अभ्यासक्रमातील ४ श्रेयांकांसाठी (क्रेडिट्ससाठी) मला इंटर्नशिप पूर्ण करायची आहे. पुढे बँकांच्या स्पर्धा परीक्षा द्यायच्या असल्यामुळे ती बँकेतच करावी, असे मी ठरवले आहे. एका मोठ्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या पणजीतील मुख्य शाखेत ओळखीने शब्द टाकता येईल, असे माझे मामा म्हणतात. त्याच बँकेची एक लहान शाखा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि तिथल्या मॅनेजरांनी, कॉलेजचे पत्र आणा, वरून परवानगी मिळाली तर पाहू, एवढे तरी म्हटले आहे.

माझ्या आधीच्या तुकडीतील दोघींनी महिनाभर पासबुके छापली आणि म्हाताऱ्या माणसांना स्लिपा भरून दिल्या. प्रमाणपत्र मिळाले, पण तोंडी परीक्षेत काय शिकलात या प्रश्नाला दोघींनाही धड उत्तर देता आले नाही. तेव्हा मुख्य शाखेचे नाव खरोखर उपयोगी पडते का, विद्यार्थ्याला संगणकावर बसू देतात का, काही मानधन मिळते का, आणि प्रकल्पासाठी विषय कसा निवडावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ – निवृत्त बँक अधिकारी, फोंडा

मी छत्तीस वर्षे एका सरकारी बँकेत काढली, त्यातली बरीचशी गोव्यातच. प्रथम संगणकाचे सांगतो, कारण बहुतेक विद्यार्थी तिथेच निराश होतात. कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे सर्व शाखांना जोडणाऱ्या संगणक प्रणालीत, प्रत्येक कर्मचाऱ्याचा स्वतंत्र लॉगिन असतो, एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासून मंजूर केल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही, आणि प्रत्येक नोंदीखाली कोणाचा तरी क्रमांक कायमचा चिकटतो. त्यामुळे बाहेरच्या माणसाला लॉगिन मिळत नाही आणि मिळूही नये. एखाद्या साहेबाने गर्दीच्या वेळी प्रेमाने आपला पासवर्ड सांगितलाच, तर नम्रपणे नको म्हणा. उद्या काही घोटाळा निघाला तर त्या प्रेमाचा कोणालाही आठव राहणार नाही.

याचा अर्थ शिकण्यासारखे काही उरत नाही, असा नाही. बँकेचे खरे ज्ञान कागदात असते आणि कागद माणसांबरोबर येतो. म्हणून शाखा निवडताना तिचा आकार पाहू नका, तिच्या दारातून कोण आत येते ते पाहा. वास्कोच्या शाखेत बंदराशी निगडित व्यापार दिसेल. मडगाव आणि एकूणच सासष्टी भागात तारवटी (जहाजांवर काम करणारे) आणि आखातात नोकरीला असलेल्या घरांची एनआरई आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, खाती दिसतील. एनआरई खात्यातील रक्कम अनिवासी खातेदाराला मोकळेपणाने परदेशी परत नेता येते, तर एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंतच नेता येते, हा फरक पुस्तकात दोन ओळींत संपतो. पण घरभाड्याचे उत्पन्न कोणत्या खात्यात जमा करायचे यावरून काउंटरवर सासू-सुनेचा वाद होतो, तेव्हा तो जन्मभर लक्षात राहतो. वेर्णा किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत खेळत्या भांडवलाची कर्जे आणि मालसाठ्याची विवरणे असतात. डिचोली-साखळीचे तर विचारूच नका. त्या पट्ट्यातल्या शाखांनी खाणींचे चढते दिवसही पाहिले आहेत आणि त्यानंतरचे दिवसही.

पणजीच्या मुख्य शाखेत कामे विभागलेली असतात. तुम्हाला एका टेबलाशी बसवले की महिनाभर तेच टेबल. लहान शाखेत सहा-सात माणसे सगळे काम ओढतात, त्यामुळे सकाळी रोकड उघडण्यापासून दिवसअखेरच्या मेळापर्यंतची साखळी एकाच खोलीत डोळ्यांसमोर घडते. माझा कौल तुमच्या घराजवळच्या शाखेला आहे.

आता गोव्यापुरती एक गोष्ट सांगतो, जी पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला शाखेत बसून शिकायला मिळणार नाही. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग अजून लागू आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक समजली जाते. परिणामी घर किंवा जमीन तारण ठेवायची झाली की जोडीदाराची सही लागतेच, मग कर्ज एकट्याच्या नावावर का असेना. प्राप्तिकर कायद्यातील एक कलम (१९६१ च्या कायद्यात ते ५अ होते) याच पद्धतीवर उभे आहे: वेतन सोडून इतर उत्पन्न पती-पत्नींमध्ये निम्मे-निम्मे वाटून दाखवायचे असते, आणि त्यात मुदत ठेवीचे व्याजही आले. ठेव एकाच्या नावावर, कर कापला त्याच्याच पॅनवर, आणि व्याज मात्र दोघांच्या विवरणपत्रांत, अशी गाठ दर जुलैत आमच्या टेबलावर येत असे. खातेदार वारला आणि नामनिर्देशन केलेले नसले, तर गोव्यात २०१२ च्या वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रिया कायद्याखालचे कागद पुढे येतात. डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण हे नमूद करणारा दस्त) कसे वाचायचे हे तुम्ही एखाद्या जुन्या अधिकाऱ्याशेजारी बसून शिकलात, तर तेवढ्यानेच महिना सार्थकी लागला असे मी म्हणेन. जमिनीच्या कर्जाच्या फायलीतील नमुना १ व १४ चा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद), जमिनीचा वापर बदलण्याची म्हणजे रूपांतराची सनद, मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) नोंद आहे की नाही, हेही त्याच ओघात विचारून घ्या. फाईल घरी न्यायची नाही आणि तिचा फोटो काढायचा नाही, हे वेगळे सांगायला नको. गुप्ततेच्या हमीपत्रावर पहिल्याच दिवशी तुमची सही घेतील आणि ते हमीपत्र शोभेचे नसते.

आणि पासबुक छपाईला नाक मुरडू नका. छापताना खातेदाराचे नाव वाचू नका, व्यवहार वाचा. राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचे १,५०० रुपये कधी जमा झाले आणि किती दिवसांत उचलले गेले, वीजबिल किती जणांचे खात्यातून परस्पर जाते, खात्याची केवायसी राहिल्यामुळे कोणाचे पैसे अडकले आहेत, हे त्या यंत्राशेजारी उभे राहून जितके कळते तितके मॅनेजरच्या केबिनमध्येही कळत नाही.

उत्तर २ – एम.कॉम. झालेली, म्हापसा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक सावधगिरी सुचवते. मी पदवीच्या काळात एका मोठ्या खाजगी बँकेत इंटर्नशिप केली. पहिल्या आठवड्यात आम्हा चौघांना टाय लावलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने बँकिंगची ओळख करून दिली आणि दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येकाला पंधरा बचत खाती आणि तीन विमा पॉलिसी असे लक्ष्य दिले. मी माझ्या आईची, दोन मावश्यांची आणि शेजारच्या काकांची खाती उघडली. काकांनी किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून त्यांना दंड बसला आणि आमच्याकडच्या चतुर्थीला ते नेहमीसारखे आले नाहीत. मला प्रमाणपत्र मिळाले, त्यावर ‘उत्कृष्ट कामगिरी’ असे लिहिलेले आहे.

म्हणून पत्र देतानाच कामाचे स्वरूप कागदावर येईल असे पाहा. कोणत्या विभागात किती दिवस, मार्गदर्शक अधिकारी कोण, आणि ग्राहक आणण्याचे कोणतेही लक्ष्य नाही, एवढ्या तीन गोष्टी महाविद्यालयाच्या पत्रात असल्या तरी पुष्कळ आहे. मानधनाची अपेक्षा शाखेत ठेवू नका. मला तर बसभाडेही सुटले नाही. प्रमाणपत्र लगेच देतो म्हणून पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे फिरकूही नका.

मानधन हवेच असेल तर पुढे एम.कॉम.ला गेल्यावर रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी प्रशिक्षणाचा विचार करा. त्यासाठी पदव्युत्तर, पाच वर्षांचा एकात्मिक किंवा तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम चालू असावा लागतो आणि अर्ज शेवटच्या आधीच्या वर्षात करायचा असतो. अर्जाची मुदत सामान्यतः १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर अशी असते, प्रशिक्षण एप्रिल ते जुलै या काळात होते, देशभरातून जास्तीत जास्त १२५ विद्यार्थी घेतले जातात आणि महिना २०,००० रुपये मिळतात. मी अर्ज केला होता, निवड झाली नाही. पण त्या मुलाखतीच्या आशेने केलेली तयारी नंतर कामी आली.

उत्तर ३ – वाणिज्य विषयाचे अध्यापक, उत्तर गोवा

तासांचा हिशेब आधी मांडून घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार इंटर्नशिपच्या १ श्रेयांकाला ३० तास धरले जातात, म्हणजे ४ श्रेयांकांना १२०. शाखेत रोज सहा तास दिले तर वीस कामाचे दिवस लागतात. दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात, त्यात सार्वजनिक सुट्ट्या आणि तुमच्या एक-दोन गैरहजेऱ्या मिळाल्या की चार आठवड्यांचे पाच होतात, आणि मग विद्यार्थी शेवटच्या दिवशी हजेरीपत्रक घेऊन धावत येतात. हजेरीवर त्याच दिवशी मार्गदर्शक अधिकाऱ्याची सही घ्यावी.

दोन योजनांबाबत विद्यार्थ्यांची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना: तिच्या सुरुवातीच्या घोषित अटींनुसार पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्याला तिचा लाभ मिळत नव्हता, म्हणून सध्याच्या अटी पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका. दुसरी म्हणजे बँकांची शिकाऊ उमेदवारी. स्टेट बँक घेते ते शिकाऊ उमेदवार पदवीधर असतात, मुदत एक वर्षाची असते, जाहिरातींत महिना १५,००० रुपये विद्यावेतन असते आणि त्यानंतर नोकरीची हमी नसते. तिथे गोव्यासाठी स्थानिक भाषा कोकणी धरलेली आहे. दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेवर ती भाषा नसेल तर भाषेची चाचणी द्यावी लागते. मराठी घेऊन शिकलेल्या आपल्या मुलांच्या हे फार उशिरा ध्यानात येते. घरी कोकणी बोलतो, मग चाचणीची भीती कशाला, असे ती म्हणतात. पण चाचणीत वाचन आणि लेखनही आले, तर सवय असावी लागते.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. घराजवळच्या शाखेतच अर्ज करायचे मी ठरवले आहे. फोंड्याच्या सरांनी खाणींचा उल्लेख केला म्हणून विचारते. माझ्या बाबांचा खनिज वाहून नेणारा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी लहान होते, पण बँकेचे पत्र आले की आई ते देवघरात ठेवत असे, एवढे आठवते. ट्रकच्या कर्जांवरच प्रकल्प करावा असे मनात आहे. शाखेत असा विषय काढलेला चालेल का, की मॅनेजरांना तो रुचणार नाही?

उत्तर ४ – निवृत्त बँक अधिकारी, फोंडा

विषय उत्तम आहे, पण शाखेत कोणाचे कर्ज थकले हे विचारू नका. नाव सांगणे त्यांना शक्य नाही, आणि साखळीसारख्या गावात नाव न सांगताही माणूस ओळखू येतो. आकडे बाहेरून घ्या. रिझर्व्ह बँक ठेवी आणि कर्जांची तिमाही आकडेवारी जिल्हावार प्रसिद्ध करते, आणि राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या कागदपत्रांतही गोव्याचे ठेवी-कर्ज प्रमाण मिळते. गोव्यात ठेवी भरपूर आणि कर्जवाटप त्या मानाने फारच कमी, ही जुनी कथा आहे; तिच्यात उत्तर गोव्याची कर्जे २०१२ च्या आधी, त्यानंतर, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्यावर कशी वळली, ते मांडा.

शाखेला फक्त कार्यपद्धती विचारा. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते, त्या तारखेच्या आधी बँक काय करते आणि नंतर काय करते? ट्रक जप्त करून विकला तर गिऱ्हाईक कोण, जेव्हा त्या वेळी सगळ्यांचेच ट्रक उभे असतात? कर्ज देताना परतफेडीचा स्रोत म्हणून खाण कंपनीचे वाहतुकीचे काम धरले होते का, आणि एकाच स्रोतावर इतकी कर्जे उभी आहेत हे कोणी वर कळवले होते का? शेवटचा प्रश्न मॅनेजरला विचारू नका, तो आमच्या पिढीला विचारायचा आहे; फोंड्यात या, मी माझ्यापुरते उत्तर देईन.

बाबांनाही विचारा, त्यांच्याकडे कर्जमंजुरीचे पत्र असेल. त्यातल्या अटी वाचून शाखेत गेलात तर तुमचे प्रश्न आपोआप नेमके होतील. कॉलेजचे पत्र फेब्रुवारी संपायच्या आत द्या, कारण मार्चमध्ये वर्षअखेरीच्या गडबडीत कोणी मान वर करणार नाही. परवानगी क्षेत्रीय कार्यालयातून यायला दोन-तीन आठवडे लागतात. एप्रिलनंतर बदल्यांचे आदेश निघतात, तेव्हा आज हो म्हणालेले मॅनेजर मे महिन्यात तिथे असतीलच असे नाही. त्यामुळे पत्राची पोच शिक्क्यासह घ्या. आणि पत्रात मामांचा उल्लेख नको.