इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत कॅपिटल अक्षर आणि अवतरणचिन्ह चुकल्यास गुण कापावेत का?

कृष्णाकाठ (सांगली)
कॅपिटल अक्षर किंवा अवतरणचिन्ह चुकले म्हणून अर्धा गुण कापणे हा निव्वळ छळ आहे, कारण वाचणाऱ्याला अर्थ कळतोच, असे काल येथे एकांनी लिहिले. २२ वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतर हे वाक्य मुकाट्याने सोडून देणे मला जमत नाही. अर्थ कळतोच असे नाही. मार्च हा शब्द लहान अक्षराने लिहिला तर ते चालणे होते, कॅपिटल एमने लिहिला तर महिना होतो. अवतरणचिन्हाने तर आमच्या घरात नुकसान केले आहे. तासगावच्या माझ्या चुलतभावाने बेदाण्याच्या बॉक्सवर नॅचरल हा इंग्रजी शब्द अवतरणचिन्हांत छापून घेतला. शब्द उठून दिसावा एवढाच त्याचा हेतू होता. परंतु नमुना पाहून परदेशातील खरेदीदाराने विचारले की, माल खरोखर नैसर्गिक आहे की नुसते तसे म्हणायचे आहे? इंग्रजीत सुट्या शब्दाभोवती ही चिन्हे आली की त्याला 'तथाकथित' असा वास येतो. बॉक्सवर कोऱ्या पट्ट्या चिकटवायला रात्री अकरापर्यंत त्याच्या शेडमध्ये मीही बसले होते.

माणदेशी (दहिवडी)
ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. तुमच्या भावाने मराठीचा नियम पाळला. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर एकेरी अवतरणचिन्ह वापरावे, असे आपण शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकवतो आणि मूल तोच नियम इंग्रजीत नेते. देवनागरीत तर लहान-मोठे अक्षर हा भेदच नाही. त्यात परीक्षेच्या अर्जापासून बँकेच्या स्लिपपर्यंत इंग्रजीतला कागद 'कॅपिटल अक्षरांत भरा' असे बजावतो. माझ्या मुलीने आठवीत सगळे पत्रलेखन कॅपिटलमध्ये केले, कारण अर्ज तसा भरला तेव्हा तिला शाबासकी मिळाली होती. शिक्षकांनी तिची वही वर्गात उंच धरून दाखवली. पुढे दोन वर्षे तिने आपणहून इंग्रजीची एक ओळ लिहिली नाही.

मोडीवाचक (सातारा)
मुळात अवतरणचिन्ह मराठीचे तरी कुठे आहे? जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हे सोडाच, दोन शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडलेली नसते. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज कोशकाराने इंग्रजीच्या धर्तीवर ही चिन्हे मराठी छपाईत रूढ केली. त्याआधीही एकाचे बोलणे दुसऱ्याला कळतच होते. बोलणे कोठे संपले हे 'म्हणोन' या एका शब्दावरून समजते.

कृष्णाकाठ (सांगली)
प्रश्न उत्तरपत्रिकेचा आहे, मोडीचा नाही. कृपया विषय सोडू नये.

मोडीवाचक (सातारा)
मी विषयावरच आहे. मराठीने चिन्ह उसने घेतले आणि आपल्या गरजेप्रमाणे वापरले, म्हणून आज मुलाच्या डोक्यात एका चिन्हाचे दोन नियम आहेत. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी हाती लाल पेन धरू नये.

कृष्णाकाठ (सांगली)
लाल पेन कोणी धरावे हे तुम्ही मला सांगू नये. चाळीस वह्या रोज घरी नेऊन तपासते मी.

वाईकर (वाई)
दोघांनीही आवाज खाली आणावा. वाक्याच्या शेवटी अवतरणचिन्हांत एका लेखाचे नाव होते आणि माझ्या मुलाने पूर्णविराम चिन्हाच्या आत ठेवला, म्हणून त्याचा गुण गेला. आज तो अमेरिकी ग्राहकांसाठी मजकूर लिहितो; तेथे पूर्णविराम आतच लागतो, बाहेर ठेवला तर मजकूर परत येतो. ब्रिटिश पद्धतीत तो बाहेर असतो. मग त्याचे चुकले काय होते?

कृष्णाकाठ (सांगली)
पूर्णविरामाचा मुद्दा मान्य. तो गुण मी यापुढे कापणार नाही. एकेरी चिन्हाबद्दल माणदेशी यांचे म्हणणेही मान्य करावे लागते, जरी ते मला जड जात आहे. सोमवारी फळ्याच्या एका बाजूला मराठीचा आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीचा नियम लिहून मग उतारा देईन. परंतु दहावीच्या मुलाने स्वतःच्या गावाचे नाव लहान अक्षराने लिहिले, तर अर्धा गुण जाईलच.

माणदेशी (दहिवडी)
गुण घ्या. वही वर्गात उंच धरणार नाही, एवढे मात्र येथे लिहा.

कृष्णाकाठ (सांगली)
ते मी २२ वर्षांत कधी केलेले नाही आणि करणारही नाही.