अण्णांना वारंवार इस्पितळात न्यावे की घरीच उपशामक सेवा द्यावी?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर):
आमचे अण्णा ८७ वर्षांचे आहेत. त्यांचे हृदय क्षीण झाले असून मूत्रपिंडांचे कामही मंदावले आहे. दर एक-दोन महिन्यांनी छातीत पाणी साठून दम लागतो, अतिदक्षता विभागात ठेवावे लागते, आणि घरी येतात ते आधीपेक्षा अधिक खचलेले. गेल्या खेपेस नळ्या ओढू नयेत म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. तेव्हापासून ‘मला पुन्हा तिकडे नेऊ नका’ एवढेच ते म्हणतात. बुद्धी मात्र शाबूत आहे, रोज वर्तमानपत्र वाचतात. डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअर (उपशामक, म्हणजे त्रास कमी करणारी सेवा) सुचवली, पण पुण्याच्या दादांच्या मते ते औषधे बंद करून हात झटकणे आहे. खरेच तसे असते का?

प्रतिसाद (निवृत्त परिचारिका, लोकमान्यनगर):
मुळीच नाही. ही सेवा चालू उपचारांच्या जोडीने देता येते. लघवी होण्याची गोळी तर चालूच ठेवतात, कारण छातीतले पाणी उतरवून दम कमी करणारी तीच असते. दम लागला की उशांना टेकवून बसवावे आणि पंख्याचा झोत चेहऱ्यावर घ्यावा. एवढ्यानेही पुष्कळांना बरे वाटते. त्याने भागले नाही तर अगदी थोड्या मात्रेत मॉर्फिन (अफूपासून बनणारे वेदनाशामक) देतात. या नावाला घाबरणारे नातेवाईक मी नोकरीभर पाहिले (काही डॉक्टरही त्यातलेच!), पण अण्णांच्या बाबतीत खरी काळजी वेगळी आहे: मूत्रपिंड दुर्बल असल्यास मॉर्फिन शरीरात साचून गुंगी येते, म्हणून कोणते औषध आणि किती, हे या विषयातल्या डॉक्टरांनीच ठरवावे. बद्धकोष्ठावरचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागते. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे सुकर झाले, तरी ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. कुठे मिळते ते आधीच विचारून ठेवा.

प्रतिसाद (वकील, लष्कर, ग्वाल्हेर):
बुद्धी शाबूत आहे तोवर अण्णांची इच्छा लेखी घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा पूर्वनिर्देशाला मान्यता दिली आणि २०२३ साली प्रक्रिया सोपी केली. आता दंडाधिकाऱ्यांकडे न जाता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरते. त्यांच्या वतीने निर्णय कोण सांगणार, त्यांची नावेही त्यात असावी लागतात; दादांचे नाव अवश्य घाला, दुरून येणाऱ्याचा विरोध बहुधा विचारले न गेल्याचा असतो. मात्र हा कागद अण्णा स्वतः निर्णय सांगू शकत नसतील तेव्हाच लागू होतो, आणि तेव्हाही डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत घ्यावे लागते. आज त्यांचा तोंडी नकारही तितकाच ग्राह्य आहे.

प्रतिसाद (इंदूर):
वरील सर्व मान्य, फक्त एक भर. घरीच ठेवायचे ठरले म्हणजे इस्पितळ कायमचे वर्ज्य झाले असे नव्हे. पडून खुब्याचे हाड मोडले किंवा लघवी तुंबली, तर वेदना थांबवण्यासाठीच न्यावे लागते. कशासाठी न्यायचे आणि कशासाठी नाही, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घेऊन रात्री सोबत असणाऱ्या माणसाला दाखवून ठेवा. नाहीतर पहाटे घाबरून तोच रुग्णवाहिका बोलावतो.